नारळाचा कस्टर्ड पाय: या चुका टाळा

नारळाच्या कस्टर्ड पायबद्दल मला कुणी विचारायला आलं की तक्रार बहुतेक दोनपैकी एक असते. खालचा क्रस्ट, म्हणजे पायचं मैद्याचं कवच, गिच्च झाला, नाहीतर कस्टर्डला पाणी सुटलं. कृती कुठलीही असो, अंडी तीन असोत की चार, दुखणं हेच. आणि प्रत्येक जण खात्रीने सांगतो की माप अगदी बरोबर घेतलं होतं. घेतलंच असणार. या पायच्या मापात चुकण्यासारखं फारसं काही नाही. गडबड होते ती ओव्हनमध्ये, आणि ओव्हनमधून काढल्यानंतरच्या दोन-तीन तासांत.

तरी माझं माप आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. २३ सेंटीमीटरच्या, जरा खोलगट पाय डिशसाठी १७५ ग्रॅम मैदा, ११५ ग्रॅम थंडगार बटर, अर्धा छोटा चमचा मीठ आणि तीन-चार मोठे चमचे बर्फाचं पाणी. हा झाला क्रस्ट. सारणाला ४ अंडी, १३० ग्रॅम साखर, ४५० मिलिलिटर साईसकट दूध, ७५ ग्रॅम बिनसाखरेचा सुका खोबरेकीस, ३० ग्रॅम वितळवलेलं बटर, एक चमचा व्हॅनिला, पाव चमचा किसलेलं जायफळ आणि चिमूटभर मीठ. मीठ वगळू नका, त्याशिवाय नारळाची चव नुसती गोड आणि सपाट लागते.

आधी नक्की काय करताय ते ठरवा

नारळाच्या पायच्या नावाखाली तीन वेगवेगळे पदार्थ फिरत असतात. कस्टर्ड पायमध्ये अंडी-दुधाचं कच्चं मिश्रण क्रस्टमध्ये ओतून ओव्हनमध्ये भाजतात. क्रीम पायचं सारण कॉर्नफ्लोअर घालून गॅसवर शिजवतात, पूर्ण भाजलेल्या क्रस्टमध्ये भरतात आणि फ्रीजमध्ये घट्ट करतात. तिसरा प्रकार मैद्यासकट सगळं ब्लेंडरमधून फिरवून डिशमध्ये ओतण्याचा. त्यात मैदा खाली बसून आपोआप एक मऊ थर तयार होतो. तिन्ही चांगले आहेत. पण एकाचं सारण, दुसऱ्याचा क्रस्ट आणि तिसऱ्याची वेळ घेऊन केलेला पाय मी इतक्यांदा पाहिलाय की आता पहिला प्रश्न हाच विचारते: कृती एकाच ठिकाणची आहे ना?

अंडी कमी करून कस्टर्ड पावडर घालणं हाही यातलाच प्रकार. त्या पावडरीत अंडं नसतं, मुख्यतः कॉर्नफ्लोअर असतं. बर्मिंगहॅमच्या ॲल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ साली ती बनवली तीच मुळी बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून. ज्यांना अंडं नको त्यांच्यासाठी ती उत्तम सोय आहे, पण त्यांनी ती गॅसवर शिजवून क्रीम पाय करावा. अंड्याच्या कस्टर्डमध्ये अर्धीमुर्धी घातली की ना धड हे, ना धड ते.

कच्च्या क्रस्टमध्ये सारण ओतणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलणार.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका मैत्रिणीकडे जेवायला जायचं होतं आणि गोड पदार्थ माझ्याकडे होता. क्रस्ट लाटून डिशमध्ये बसवला तेव्हा घड्याळात पाहिलं, निघायला दोन तास. क्रस्ट आधी भाजणं, गार करणं, सगळं धरून अर्धा-पाऊण तास जाणार होता. कुणीतरी सांगितलेलं आठवलं की ओव्हन गरम असला की खालचं आपोआप भाजलं जातं. सारण सरळ कच्च्या क्रस्टमध्ये ओतलं. पाय दिसायला सुरेख झाला. वरून सोनेरी, कडा खुसखुशीत. तिथे कापला, तर सुरी तळाशी गेल्यावर चिकटायला लागली. प्रत्येक तुकड्याखाली अर्धा सेंटीमीटर जाडीचा पांढरा, ओलसर, मेणासारखा थर होता. कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी वरचं कस्टर्ड चमच्याने खाल्लं आणि जेवण झाल्यावर आठ ताटल्यांच्या कडेला आठ पांढऱ्या पट्ट्या राहिल्या. त्या पट्ट्या मला अजून डोळ्यांसमोर दिसतात.

असं का होतं, तर दोघांच्या गरजाच वेगळ्या आहेत. क्रस्टला खुसखुशीत व्हायला १९०-२०० अंशांची कडक आच लागते. कस्टर्डला १६०-१६५ ची मंद आच लागते, आणि ते ८० अंशांच्या आसपास शिजून तयार होतं. त्याच्याखाली दबलेला मैदा जोवर ओला आहे तोवर १०० अंशांच्या वर जाऊच शकत नाही, आणि त्याआधीच कस्टर्ड झालेलं असतं. तळाचा क्रस्ट भाजला जायची संधीच मिळत नाही. बटर वितळतं, मैदा दूध पितो आणि लगदा होतो.

म्हणून क्रस्ट आधी भाजून घ्यायचा. मी डिशमध्ये बसवलेला क्रस्ट तासभर फ्रीजमध्ये ठेवते. मग आत बटर पेपर घालून कोरड्या राजम्याने काठोकाठ भरते. काठोकाठ म्हणजे काठोकाठ. तळाला मूठभर पसरले तर बाजूच्या भिंती घसरून खाली येतात. २०० अंशांवर २० मिनिटं. मग कागद आणि राजमा उचलून काढायचा आणि तळ बिस्किटाच्या रंगाचा होईपर्यंत अजून ८-१० मिनिटं भाजायचा. इथे लोक घाई करतात. राजमा काढल्यावर तळ पांढराच असतो, बोट लावलं तर किंचित ओशट लागतो, आणि "पुढे भाजला जाईलच की" म्हणून सारण ओतलं जातं. पुढे भाजला जात नाही, ते वर सांगितलंच.

शेवटी गरम क्रस्टला आतून अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ हात द्यायचा आणि दोन मिनिटं परत ओव्हनमध्ये ठेवायचं. बारीक भेगा बुजतात. मोठी चीर दिसली तर उरलेल्या कच्च्या पिठाचा तुकडा बोटाने दाबून बसवा. काट्याने तळाला खोल टोचे मारण्याची सवय कस्टर्ड पायला तरी सोडून द्या, कारण सारण पातळ असतं आणि ते वाट शोधतंच. सारण कोमट आणि क्रस्ट गरम, अशी जोडी जमली की तळ कोरडा राहतो.

बाजारातला तयार फ्रोझन क्रस्ट वापरायला माझी हरकत नाही. रोजच्या धबडग्यात तो वापरून पाय होत असेल तर जरूर करा. पण तोही आधी भाजा, आणि तो बहुधा उथळ असतो हे लक्षात ठेवा. उरलेलं सारण छोट्या वाट्यांत भाजता येतं, क्रस्टमध्ये कोंबू नका.

काचेची डिश फ्रीजमधून काढून थेट गरम ओव्हनमध्ये ठेवू नका, तडकते. मी त्यासाठी धातूचीच डिश वापरते, आणि तळही तिच्यात जास्त चांगला भाजला जातो.

पीठ मळणं

हे पीठ तिंबायचं नसतं. बटरचे वाटाण्याएवढे तुकडे दिसत राहिले पाहिजेत. जेमतेम गोळा झाला की थांबायचं. डिशमध्ये बसवताना ओढून ताणू नका. ताणलेला क्रस्ट ओव्हनमध्ये आक्रसतो आणि काठाखाली उतरतो.

नारळ

कृतीत सुका कीस लिहिलेला असताना घरात आहे म्हणून गोड केलेला कीस घातला, तर पाय घसा धरेल इतका गोड होतो. गोड कीसच असेल तर साखर ३०-४० ग्रॅमनी कमी करा.

सुका कीस कोरडाच मिश्रणात टाकला की तो दूध शोषून घेतो आणि खाताना भुशासारखा दाताखाली येतो. मी दूध गरम करून त्यातच कीस २० मिनिटं भिजवते. कीस फुलतो आणि दुधालाही नारळाचा वास लागतो. एवढी एक गोष्ट केलीत तरी चवीत फरक कळेल. ओला नारळ वापरत असाल तर पाठीचं तपकिरी साल काढून बारीक खवा आणि दूध पन्नासेक मिलिलिटर कमी घ्या. कुठलाही नारळ घालण्याआधी चिमूटभर तोंडात टाकून बघा. खवट वास भाजून जात नाही, उलट गरम झाल्यावर जास्त जाणवतो.

दुधाऐवजी सगळं नारळाचं दूध घालणारे उत्साही लोक असतात. पाय जड होतो, वर तेलाचे थेंब दिसतात. निम्मं-निम्मं घ्या, आणि डब्यातलं असेल तर आधी नीट हलवा, कारण जाड साय वर आणि पाणी खाली बसलेलं असतं.

भाजताना नारळ वर तरंगून आला तर घाबरू नका. तो तरंगतोच. वर नारळाचा सोनेरी थर, खाली मऊ कस्टर्ड, हे या पायचं रूपच आहे.

मिश्रण करताना

साखर पिवळ्या बलकावर ओतून फोन घ्यायला जाऊ नका. साखर बलकातलं पाणी ओढते आणि बारीक कडक गुठळ्या होतात; ओतली की लगेच फेटा. फेटायचं म्हणजे एकजीव करायचं, फेस काढायचा नाही. फेस पायच्या पृष्ठभागावर भोकं पाडतो. ब्लेंडर याचसाठी मला या कामाला आवडत नाही. गरम दूध अंड्यांत बारीक धारेने, सतत ढवळत घाला. एकदम ओतलं तर अंडं शिजून त्याच्या गुठळ्या होतात. मिश्रण गाळायचं असेल तर अंडी-साखर आधी गाळा आणि कीस भिजवलेलं दूध नंतर मिसळा.

भरलेली डिश हातात धरून ओव्हनपर्यंत चालत जाऊ नका. भाजलेला क्रस्ट ट्रेवर ठेवून ओव्हनची जाळी अर्धी बाहेर ओढा आणि सारण तिथेच जगमधून ओता. ट्रे आधीपासून ओव्हनमध्ये तापलेला असेल तर आणखी चांगलं.

सुरी स्वच्छ येईपर्यंत भाजणं

माझ्या मते कस्टर्ड पायचं सगळ्यात जास्त नुकसान या एका सल्ल्याने केलंय. केकला तो लागू पडतो. कस्टर्डच्या मध्यभागी सुरी घालून ती स्वच्छ आली, तर पाय होऊन दहा-पंधरा मिनिटं उलटून गेलेली असतात.

गेल्या वर्षी भाचीने पहिल्यांदा हा पाय केला. संध्याकाळी दहा माणसं यायची होती. दुपारी तिचा फोन. "मावशी, पंचेचाळीस मिनिटं झाली, पण मध्ये अजून हलतोय."

"हलतोय म्हणजे कसा? पाण्यासारखा की जेलीसारखा?"

"जेलीसारखा. पण सुरीला लागतंय गं."

"अगं काढ मग बाहेर, झाला तो."

"पण कृतीत लिहिलंय सुरी स्वच्छ आली पाहिजे. कच्चा राहिला तर? दहाच मिनिटं ठेवते."

दहाची वीस झाली, आणि लवकर व्हावा म्हणून तिने आच १९० केली. पाय मध्ये घुमटासारखा फुगला. तिला वाटलं, छान फुलला. बाहेर काढल्यावर तो घुमट खाली बसला आणि काठापासून मध्यापर्यंत एक लांब भेग पडली. रात्री कापला तेव्हा मी तिथे होते. पहिला तुकडा उचलला त्या जागी पिवळसर पाणी जमायला लागलं, हळूहळू, दोन चमचे तरी असेल. कस्टर्डच्या कापलेल्या बाजूला स्पंजसारखी बारीक भोकं होती. तिने एवढ्या मायेने आणि निगुतीने भाजलेला क्रस्ट त्या पाण्यात बुडाला. तिचा चेहरा बघवेना.

झालं होतं ते असं. अंड्यातली प्रथिनं तापली की एकमेकांत गुंतून जाळं करतात आणि दूध त्या जाळ्यात अडकून राहतं. दूध आणि साखर मिसळलेल्या मिश्रणात हे ७५ ते ८० अंशांच्या सुमारास घडतं. तिथे थांबलात तर कस्टर्ड रेशमासारखं. ८५ च्या पुढे गेलात की जाळं आवळत जातं, पिळलेल्या फडक्यासारखं, आणि आतलं पाणी बाहेर पडतं. एकदा पिळलं गेलेलं जाळं परत सैल होत नाही. आणि ओव्हनमधून काढल्यावर पाय लगेच थांबतही नाही. डिशमधल्या उष्णतेने तो आतून काही मिनिटं शिजतच राहतो. मधला भाग तेव्हा होतो. ओव्हनमध्येच पूर्ण झालेला पाय जाळीवर ठेवल्यावर जास्त होणार, हे उघड आहे.

आता बघायचं कसं ते. ३५ मिनिटांनंतर ओव्हनचं दार उघडा, हातमोजा घालून डिशच्या काठाला बोटाने हलकेच टिचकी मारा आणि मध्यभागाकडे बघत राहा. सगळा पृष्ठभाग लाटेसारखा डचमळला, तर अजून वेळ आहे. काठाकडचा तीन-चार बोटं रुंद पट्टा स्थिर आणि किंचित फुगलेला, आणि मधला तळहाताएवढा भाग एकसंधपणे थरथरला, तर झाला. त्या थरथरण्याला लाट नसते. मधला भाग सगळा एकदम हलतो आणि लगेच थांबतो. रंगाकडे पाहाल तर काठाचं कस्टर्ड जरा मंद झालेलं असतं आणि मध्ये थोडी चमक शिल्लक असते. सुरी घालायचीच असेल तर काठापासून अडीच-तीन सेंटीमीटरवर घाला, तिथे स्वच्छ आली की पुरे. ज्यांचा स्वतःच्या नजरेवर भरवसा बसत नाही त्यांनी सुईचा थर्मामीटर घ्यावा. मध्यभागी ७७ अंश दिसले की मी काढते.

घड्याळावर पाय काढणाऱ्यांना एवढंच सांगते की वेळ ४० मिनिटंही लागेल, ५५ ही लागतील. डिशची खोली, सारण किती गरम होतं, सगळ्यावर अवलंबून आहे. ओव्हनच्या बटणावरचा आकडाही खरा असेलच असं नाही. आत टांगायचा साधा ओव्हन थर्मामीटर आणून एकदा ताडून बघा. माझा जुना ओव्हन १५ अंश जास्त तापायचा आणि मी कित्येक महिने कृतीला दोष देत होते. पंखा चालू असलेला ओव्हन असेल तर आच २० अंशांनी कमी ठेवा. कडा फार काळ्या पडायला लागल्या तर फॉइलची पट्टी गुंडाळा, पण तेवढ्यासाठी पाय अर्धवट काढू नका.

जास्त भाजला गेलाच तर? पूर्ण गार करा, वरचं पाणी कागदी रुमालाने टिपून घ्या, भेगेवर फेटलेलं क्रीम आणि भाजलेला नारळ पसरा. पोत परत येणार नाही, चव बरीच वाचते. वर घालायचा नारळ १६० अंशांवर ५-७ मिनिटं भाजा आणि समोरून हलू नका. सोनेरी आणि जळका यांत जेमतेम मिनिटभराचं अंतर असतं.

गरम कापणं

वास घरभर पसरलेला असतो, मुलं भोवती असतात, समजू शकते. तरी कापू नका. गरम कस्टर्ड अजून बसलेलं नसतं. ते वाहतं आणि मग लोक म्हणतात कच्चा राहिला, पुढच्या वेळी जास्त भाजू. वरच्या भाचीच्या चुकीची सुरुवात कित्येकदा इथूनच होते.

पाय जाळीवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागते आणि तळ घामेजत नाही. गरमागरम फ्रीजमध्ये ढकलू नका. पण अंडी-दुधाचा पदार्थ आहे, म्हणून रात्रभर बाहेरही ठेवू नका; दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. झाकण पूर्ण गार झाल्यावरच घाला, नाहीतर वाफेचे थेंब वर टपकतात आणि सगळे म्हणतात कस्टर्डला पाणी सुटलं. फ्रीजमध्ये किमान तीन तास. फ्रीझरमध्ये नको, वितळताना कस्टर्ड फुटतं. तीन दिवस चांगला राहतो, क्रस्ट मात्र पहिल्या दिवशीच खरा खुसखुशीत. क्रीम वाढायच्या वेळी घाला.

कापताना पातळ पात्याची सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा. पहिला तुकडा काढण्याआधी त्याच्या शेजारचाही काप देऊन ठेवा, म्हणजे उचलायला जागा मिळते आणि तळ मोडत नाही. भाचीने दुसऱ्यांदा केला तेव्हा तिने मला मुद्दाम कापायला बोलावलं. सुरी खाली टेकली तेव्हा क्रस्टचा कुर्र असा आवाज आला, तुकडा उचलला, आणि आम्ही दोघी वाकून रिकाम्या जागेकडे बघत राहिलो. डिशचा तळ कोरडा होता.